आत्याला वाचून दाखवलेला कागद

गेल्या दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ साडी घेऊन पिंपळे सौदागरला माझ्या फ्लॅटवर आला. भाऊबीज होऊन गेली होती, राखीला अवकाश होता. म्हणजे हा सही मागायला आलाय, हे मी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास देतानाच ओळखलं. आमच्या चाकणकडच्या गावांत बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला की तिला साडीचोळी करतात. वर हसरे फोटोही काढतात.

"ताई, नुसती फॉर्म्यालिटी हाय," तो म्हणाला. हायवेलगतचा उरलेला तुकडा त्याला गोदामासाठी द्यायचा होता. त्या तुकड्यावर कंपनीच्या कामगारांना भाड्याने दिलेल्या दहा खोल्या आहेत आणि अकराव्या खोलीत आमची आत्या राहते.

"आणि आत्या?"

"तिची सोय बघितलीय की. तळेगावला वृद्धाश्रम हाय, एकदम झकास. गार्डन बिर्डन हाय."

गार्डन! माझं डोकंच फिरलं. या बाईला तेराव्या वर्षी दिली. नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडेच दुसरी करून बसला. आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परतली आणि पुढची चाळीस वर्षं आमच्या रानात राबली. कांद्याची रोपं लावली, बटाटे काढले, भुईमूग उपटला, म्हशींच्या धारा काढल्या, आईच्या प्रत्येक बाळंतपणात घर ओढलं. माझा बाप मात्र गावात प्रगतशील शेतकरी म्हणून मिरवायचा. त्याच्या पायाला चिखल लागलेला मी फारसा पाहिला नाही. तो गेला तेव्हा चौकात त्याचा फ्लेक्स लागला, त्यावर लिहिलं होतं 'कष्टाळू'. मी तो फ्लेक्स वाचला आणि रिक्षा करून सरळ घरी आले.

आजोबांनंतर सातबाऱ्यावर बापाबरोबर आत्याचंही नाव लागलं होतं. पुढे कारखान्यांसाठी जमिनी जायला लागल्या आणि ते नाव बापाच्या डोळ्यांत खुपायला लागलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, नुकतीच बारावी झालेली. हक्कसोडपत्र करायला तालुक्याच्या कचेरीत जायचं ठरलं, तेव्हा बापाने मलाही बरोबर घेतलं. आत्याला अक्षरओळख नव्हती. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "बाईंना वाचून दाखवलंय का?" बाप म्हणाला, "ही दाखवती की. शिकल्याली हाय."

कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की मी माझा हक्क कायमचा आणि स्वखुशीने सोडत आहे. मी वाचलं ते असं, की जमिनीचं सगळं भाऊ बघेल आणि मरेपर्यंत माझं राहणं-खाणं त्याच्याकडे. बापाने एसटीत माझ्या शेजारी बसून हे मला पढवलं होतं. मी एकदाही अडखळले नाही. आत्याने माझ्याकडे पाहिलं, बोटाला शाई लावून घेतली आणि अंगठा उठवला. त्या दिवशी तिला हिरवी साडी मिळाली. मी कॉलेजला गेले, पिंपरीत नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, हे कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय. आता त्या कारणाचाच संताप येतो. सतरा वर्षांच्या मुलीला वाचता येतं.

रविवारी मी भावाने ठेवून गेलेली साडी आणि सहीचा कागद, दोन्ही पिशवीत घालून गावी गेले. भाऊ खोल्यांसमोर गाडीपाशीच उभा होता. मी म्हटलं, "आत्या मरेपर्यंत याच खोलीत राहील, असं आधी लिहून दे. मग सहीचं बोलू."

"तिचं काय हाय का इथं? तिनं कवाच सोडलंय," तो म्हणाला. "एवढाच पुळका आसंल तर ने तुज्या फ्लॅटात."

नेलं नव्हतं का? दोनदा नेलं होतं. दोन्ही वेळा आठवडाभरात ती पिशवी भरून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. तिला मरायचंय ते तिने कसलेल्या मातीत, आणि एवढंही मागायचं तर या नालायकाची परवानगी लागावी! मी त्याला तसाच बाहेर ठेवला आणि आत्याच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं.

ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी कागद काढला. म्हटलं, "हा माझ्या सहीचा कागद आहे. पण तू ऐक. या वेळी मी खरं वाचते."

"नगं," ती म्हणाली. "मागल्या वक्ताला तू खोटं वाचलंस, ते कळलं व्हतं मला."

"कसं कळलं?"

"कागदावर नजर नव्हती तुजी. बापाकडं बघून वाचत व्हतीस."

"मग अंगठा का दिलास?"

"तुजा बाप म्हनला व्हता, अंगठा दिलास तर पोरीला फुडं शिकवतो. न्हाईतर यंदाच उजवून टाकतो तिला."

मला भयंकर राग आला. बापाचा आला, मरून सुटला म्हणून जास्तच आला. आणि लाज वाटते सांगायला, पण तिचाही आला. "मला सांगायचं नाहीस? मी नको म्हटलं असतं!" मी ओरडलेच.

"म्हनली असतीस?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी दार उघडून बाहेर गेले. बिनसहीचा कागद आणि साडी भावाच्या गाडीत फेकली. "या खोलीला हात लावलास तर माझी सही जन्मात मिळणार नाही," असं सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं आणि तावातावाने आत आले. आत्याने लसूण बाजूला ठेवला होता. ती अजून उत्तराची वाट बघत होती.