कन्हानचा वैद्य

स्वतःच्या फजित्या सांगून लोकांना हसवणं हा माझा जुना छंद. चुकीच्या लग्नात शिरून, नवरा-नवरीच्या मधोमध उभं राहून फोटो काढून, दुसऱ्यांदा जिलेबी घेताना ज्याला कळतं की आपलं लग्न शेजारच्या हॉलमध्ये आहे, तो मी. ही गोष्ट ऑफिसात मीच साभिनय सांगितली होती. म्हणजे पुढं जे झालं त्याचा कच्चा माल मीच पुरवला, हे आधीच कबूल करतो.

नवे साहेब आले आणि माझ्या गोष्टी ते सांगू लागले. मी सांगायचो ती गोष्ट डब्यासोबत संपायची. ते सांगायचे भर कामात. "ही फाइल यांच्याकडे नका देऊ, हे शेजारच्या ऑफिसात नेऊन ठेवतील." माझी टिपणी ते उभं राहून मोठ्यानं वाचायचे, चुकलेल्या शब्दापाशी थांबायचे आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचे. सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. नसतो हसलो तर लागलं असं दिसलं असतं. आवक-जावकच्या टेबलावरचा माझा जुना सोबती तेवढा खाली रजिस्टरमध्ये बघून हसायचा. पण हसायचा.

असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी ऑफिसच्या स्टँडवर स्कूटर लावली आणि मला उतरताच येईना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोक्यावर हेल्मेट घालून तसाच बसून होतो. चौकीदारानं विचारलं, "भाऊ, चावी हरवली काय?"

"हौ," मी म्हणालो. चावी स्कूटरलाच होती.

बायकोनं धंतोलीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि अडीच महिन्यांची रजा लिहून दिली. ऑफिसात काय सांगायचं, हा प्रश्न घरी आल्यावर पडला.

"कावीळ सांगा," बायको म्हणाली. "लोक फार खोदून विचारत नाहीत, अन् भेटायलेही येत नाहीत."

तिचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. कोणी आलं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर 'लवकर बरे व्हा' आणि उसाच्या रसाचे दोन फोटो आले.

डॉक्टरांचं खरं सर्टिफिकेट मात्र द्यावंच लागणार होतं. ते मी पाकिटात घातलं, डिंकानं चिकटवलं आणि वर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' लिहिलं. बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसानं हे केलं. ज्या पाकिटावर गोपनीय लिहिलेलं असतं ते आमच्याकडे सगळ्यात आधी फोडतात, हे मला घरी बसल्यावर आठव्या दिवशी आठवलं.

घरात बसून राहू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. महालातल्या आमच्या गल्लीत फिरलो असतो तर दहा जणांनी काविळीची चौकशी केली असती. म्हणून दुपारी स्कूटर काढून मी सरळ कन्हानला जायचो आणि नदीकाठी एका कडुनिंबाखाली बसायचो. पाण्यात एक म्हैस असायची, एक शिंग मोडलेली. अख्ख्या दुपारी माझ्याकडे बघणारी तेवढीच. फार आस्थेनं बघायची अशातला भाग नाही.

रजा संपली. परतलो तर माझं टेबल खिडकीपासून उचलून जुन्या फायलींच्या कपाटांमागे लावलेलं. "तुम्हाले आराम पडावा म्हणून," साहेब म्हणाले. काम काहीच आलं नाही. कपाटामागून मला फक्त आवाज ऐकू यायचे. हसणं कानावर आलं की मी टिपणी न लिहिताही दचकायचो.

शुक्रवारी आमच्याकडे पाळीपाळीनं कोणीतरी तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, आणतं. मी टेबलाशी गेलो तर माझ्यासाठी टोकाला वेगळी प्लेट, वेगळा ग्लास.

"यांच्या पोह्यावर तर्री नको गा टाकू, लिव्हर आहे."

शेजारची खुर्चीही जराशी सरकली. कावीळ लागते, असं लोकांना वाटतं. पुढचे कित्येक शुक्रवार मी लाल तर्रीचा वास घेत कोरडे पोहे गिळले. माझ्याच खोटेपणाचं पथ्य मी इमानदारीनं पाळलं.

अशाच एका शुक्रवारी साहेब येऊन बसले. "काय हो, काविळीची माळ घातली होती का नाही? सांगा ना सगळ्यांले."

माळ म्हणजे वनस्पतीच्या बारीक काड्यांची. डोक्यावर ठेवतात, ती रोज वाढत खाली सरकते आणि पायातून निघाली की कावीळ उतरली, असं मानतात. साहेब गालातल्या गालात हसत होते. त्यांनी पाकीट वाचलं आहे, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं. 'नाही घातली' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण सगळ्यांचे चमचे थांबले होते. कित्येक महिन्यांनी सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कोणी हसत नव्हतं.

मग माझी जीभ सुटली. कन्हानच्या काठावर कडुनिंबाखाली बसणारा वैद्य उभा केला. त्याला एका कानात बाळी दिली. त्याच्या मोडक्या शिंगाच्या म्हशीनं माझी माळ खाल्ली, दुसरी करावी लागली, असं सांगितलं. डॉक्टरच्या गोळ्या त्यानं माझ्या हातून नदीत फेकायला लावल्या, हेही सांगितलं. सगळे पोट धरून हसले. आवक-जावकवाला तर पहिल्यांदा मान वर करून हसला. त्या दिवशी घरी जाताना मी गुणगुणत होतो.

दहाएक दिवसांनी डब्याच्या वेळी तोच आवक-जावकवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डबा उघडला नव्हता. चपलांवर वाळू होती.

"भाऊ, तुमचा वैद्य कोणत्या बाजूले बसते? काल गेलो होतो, आजही सकाळी जाऊन आलो. कडुनिंब तं लय आहेत तिथं. वैद्याले कोणीच ओळखत नाही."

"काहून? काय झालं?"

"पोरीले कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द. तुम्ही सांगितलं तशा गोळ्या बंद केल्या परवापासून. आता तं पाणीही टिकून नाही राहिलं पोटात."

साहेब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. "सांगा ना पत्ता," ते म्हणाले. "काहून अडून राहिले?"

आवक-जावकवाला खिशातून पेन काढून तयार होता. त्याच्या पोरीला मी ओळखत होतो. बारावीत होती. माझी चुकीच्या लग्नाची गोष्ट तिला पाठ होती, असं त्यानं एकदा सांगितलं होतं.

"पत्ता नाही," मी म्हणालो. "वैद्यच नाही. मी बनवला तो."

"मग माळ कोणी घातली तुम्हाले?"

"मले कावीळ झालीच नव्हती. मी धंतोलीत जात होतो, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे. गोळ्या नाही फेकल्या, अजूनही घेऊन राहिलो. तू पोरीले आत्ता दवाखान्यात ने."

साहेब हसले. "मले तं पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

आवक-जावकवाला त्यांच्याकडे वळला. "तुम्हाले माहीत होतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्यासोबत कोणी हसलं नाही. तेवढ्यात आवक-जावकवाला फोन कानाला लावून जिन्यापर्यंत पोचलाही होता.

पोरगी आठ दिवस ॲडमिट होती. बरी झाली. मी दवाखान्यात गेलो नाही. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो.

ऑफिसात त्यानंतर सगळे फार नीट वागू लागले. माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात, आजारी माणसाच्या खोलीत आणतात तसा. काम पुन्हा येऊ लागलं आहे; साहेब टिपणी वाचून दाखवत नाहीत, नुसती सही करतात. शुक्रवारी मला तर्री मिळते, न मागता, भरपूर. पण माझ्यासमोर कोणी कोणाची थट्टा करत नाही. माझ्या तोंडून गोष्ट तर कोणीच मागत नाही. टेबल अजून कपाटांमागेच आहे.

महिन्याभरानं आवक-जावकवाला स्वतः रजिस्टर घेऊन कपाटांमागे आला. एरवी शिपायाच्या हाती पाठवायचा. मी सही केली. तो गेला नाही.

"पोरगी विचारून राहिली," तो म्हणाला. "म्हैस तरी होती का?"

"होती."

"मोडक्या शिंगाची?"

"हौ."

त्यानं थोडा वेळ रजिस्टरची कड नखानं खरवडली. "मग तुम्ही तिथं काय करत होते?"

"बसत होतो."

"एकटेच?"

"म्हैस होती ना."

मी हसायच्या तयारीत होतो. तो हसला नाही, म्हणून मीही थांबलो.