फोटोपुरता झाडू

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. लिहायला बसलो की पाणी प्यायला उठायचो, मग दाराची कडी बघायचो, मग उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो. आजही दोनदा उठून आलो आहे.

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिकवायचो आणि ‘कमवा व शिका’ योजना माझ्याकडे होती. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांनी तास संपल्यावर कॉलेजातच काम करायचं, त्याचं मानधन सरकारी निधीतून मिळायचं. कुणी बागेला पाणी घालायचं, कुणी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला मी ग्रंथालयाचं काम दिलं होतं. फाटक्या पुस्तकांना खळ लावून ती नवे पुठ्ठे चढवायची. त्यावरच तिचा एसटीचा पास आणि परीक्षेची फी भागायची.

तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांना फाटकावर योजनेचा मोठा फ्लेक्स हवा होता, त्यावर काम करणाऱ्या मुलांचे फोटो. पुस्तक चिकटवणारी मुलगी फोटोत काम करताना दिसणार नाही, असं मला वाटलं. मी शिपायाकडून झाडू मागवला आणि तिला मैदानात उभं केलं.

“सर, माझं काम पुस्तकांचं हाय,” ती म्हणाली.

“अगं, फोटोपुरता धर. खरंच झाडायचंय का तुला?”

बागेत काम करणारा एक मुलगा हसत पुढं आला. “सर, माझाच काढा की! म्या रोजच झाडतो. पाहिजे तर भांग पाडून येतो.”

“तुझं थोबाड नको. मुलींचा सहभाग दिसला पाहिजे.”

सगळे हसले. तिनं झाडू दोन बोटांत टोकाला धरला. “नीट धर,” मी म्हणालो. तिनं नीट धरला.

फ्लेक्स लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. गवंडीकाम करणारा माणूस, पण इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सर, माझ्या बापानं बौद्ध धम्म घेतला, त्या साली गावची झाडलोट सोडली. लई मार खाल्ला, पण परत झाडू धरला न्हाय. त्याच्या नातीच्या हातात तुम्ही दिला अन् फाटकाला लावला. तेवढा काढा. दुसरं काय मागत न्हाय.”

“समिती होऊन जाऊ द्या. चारच दिवस.”

“चार दिवस तिनं त्याच फाटकातनं यायचं व्हय?”

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. प्राचार्यांना विचारायचीही माझी हिंमत झाली नाही. ती ते चार दिवस आली नाही, नंतरही आली नाही. परीक्षेचा अर्जही भरला नाही. समितीनं फ्लेक्सचं कौतुक केलं. योजनेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं मी लिहिलं: घरगुती कारणास्तव स्वेच्छेने काम सोडले. ती नोंद खोटी आहे.

तिची जात मला ठाऊक नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलो. तिच्या अर्जासोबतचे सगळे दाखले माझ्याच कपाटात होते. योजनेत आणखी दोन मुली होत्या. त्यांच्या हातात झाडू द्यावा, असं माझ्या मनातही आलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला परंड्याच्या एका सेवा केंद्रात गेलो. मशीनमागं तीच बसली होती. “सर, बसा,” म्हणाली. माझा अंगठा काही उमटेना.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, “आजोबा, जोर लावा, न्हायतर सरकार तुम्हाला मेलं म्हणंल!”

तिनं आपल्या रुमालानं माझा अंगठा पुसला आणि स्वतः दाबून धरला. उमटला.

“तो फ्लेक्स...” मी म्हणालो.

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. “सर, मागं लोक खोळंबलेत.”

बाहेर येऊन स्टँडवर कुर्डुवाडीच्या दोन गाड्या जाऊ दिल्या. परत केंद्राच्या दारापर्यंत गेलो. रांग तशीच होती. त्या रांगेदेखत म्हणायला हवं होतं, कारण झाडूही सगळ्यांदेखतच दिला होता: तू काम सोडलं नाहीस, मी सोडायला लावलं. झाडू मी तुलाच निवडून दिला. माझं चुकलं.