भाड्याचे माहेर

आमच्या लेकीचे पहिले बाळंतपण तासगावात व्हायचे ठरले होते. ठरले होते असे म्हणण्यातही फारसा अर्थ नाही, कारण आमच्याकडे ही गोष्ट कोणी ठरवत नसते. लेक चीनमध्ये, चिंगदाओ नावाच्या समुद्रकाठच्या शहरात राहते. जावई तिथल्या यंत्रांच्या एका कारखान्यात अभियंता आहे. सातव्या महिन्यात तिने विमानाने यायचे, आम्ही तिला उतरवून घरी आणायचे, इथपर्यंत सारे सुरळीत होते. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एका तपासणीनंतर विमानप्रवासाला स्पष्ट नकार दिला. घाबरण्यासारखे काही नाही, पण जिने चढू नका, प्रवास करू नका, आहात तिथेच राहा.

फोनवर लेक रडली नाही. ‘असू दे गं आई, इथंच होईल,’ एवढेच म्हणाली. त्या ‘असू दे’ या शब्दांत किती काय मावले होते ते माझ्या ध्यानात आले नाही. मी बायकोकडून फोन घेतला आणि लगेच व्यवहाराचे बोलू लागलो. ‘मग आम्हीच येतो की तिकडं. तुमचा फ्लॅट आहेच.’ बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला, लेकीशी चार शब्द बोलून तो ठेवला आणि माझ्याकडे वळली.

‘लेकीच्या घरात जाऊन ऱ्हायचं, तिच्याच शेगडीवर रांधायचं, आन् तिला म्हणायचं म्हायेरी आलीस? आवं, ती उंबरा वलांडून येणार कुठनं?’

‘मग करायचं काय?’

‘भाड्यानं घ्या घर तिथं. पर दार आपलं पायजे.’

मला हा हट्ट वाटला. पण त्या संध्याकाळी लेकीचा पुन्हा फोन आला आणि तिने आईला हळूच विचारले, ‘खरंच घेणार घर?’ त्या आवाजाने माझे उरलेसुरले तर्क गळून पडले. पाटणच्या विहीणबाईंना विचारले, तर त्या उलट मलाच म्हणाल्या, ‘आवं, माझी कसली हरकत? तुमी दार उघडा, आमी सून धाडतो.’ बागेतली एप्रिलची खरड छाटणी उरकली होती. द्राक्षाची बाग धाकट्या भावाच्या हवाली केली, डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि ज्वारीचे पीठ बांधून घेतले आणि मे महिन्यात आम्ही चिंगदाओत उतरलो.

लेकीचा फ्लॅट नव्या शहरात, ढगांशी बोलणाऱ्या इमारतीत आहे. तिचे इस्पितळ मात्र जुन्या वस्तीत, समुद्रालगत. म्हणून घर तिथेच शोधायचे ठरले. ती वस्ती जर्मन लोकांनी शंभरएक वर्षांपूर्वी वसवली म्हणतात. लाल कौले, घडीव दगडाची जोती, चढउताराचे फरसबंद रस्ते. शेवग्यासारख्या पानांची झाडे पांढऱ्या फुलांनी लगडलेली. आणि एखादी गल्ली वळते न वळते तोच तिच्या तोंडाशी निळा समुद्र. रस्त्यातून माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी पिवळे, फेसाळ घेऊन चालली होती. बायको म्हणाली, ‘हितं उसाचा रस बांधून देत्यात व्हय?’ जावयाने खाली मान घालून सांगितले की ती बिअर आहे. त्यानंतर तिने पदर सावरला तो वस्ती संपेपर्यंत.

लेकीला डॉक्टरांनी फिरायला मनाई केली होती. म्हणून घरे पाहायला आम्ही तिघेच निघालो. जावयाने फोनवर काही घरे हेरून ठेवली होती. त्यांतली निम्मी आमचे चेहरे पाहूनच गळाली. परदेशी भाडेकरू ठेवायचा तर पोलिसांत नोंद करावी लागते आणि ती कटकट अनेकांना नको असते. उरली त्यांत पहिले घर खाडीच्या अगदी समोर होते. तळमजला, दगडी व्हरांडा, दोन बाजूंना मोठाल्या खिडक्या. मालकाने त्या उघडल्या आणि समुद्राचा वारा एकीतून येऊन दुसरीतून निघून गेला. पडदे छताला टेकले. मी हरखून म्हणालो, ‘काय वारा खेळतोय! घ्या हेच.’

बायकोने माझ्याकडे पाहिले. ‘लेकीचा बेदाणा करायचाय का?’

जावयाला हसू आवरेना. मला ते लागले, कारण ते खरे होते. माझे उभे आयुष्य बेदाण्याच्या शेडमध्ये गेले. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे सावलीत, वाऱ्याने सुकतात. म्हणून जागा पाहायची म्हणजे तिथून वारा आरपार जातो का ते पाहायचे, हे माझ्या अंगात इतके मुरले आहे की ओल्या बाळंतिणीची खोली निवडतानाही मी शेडच निवडत होतो. मी ओशाळून म्हणालो, ‘पण समुद्र दिसतो समोर.’

‘समिंदर बघायचा तर उठून जावं, बघावा, माघारी यावं. बाळातिणीला त्यो आत कशाला पायजे?’

दुसरे घर तिला आवडले. वाऱ्याकडे पाठ केलेले, नुकतेच रंगवलेले, उबदार. ती स्वयंपाकघर पाहत असताना मी कपाटामागे हात घालून भिंतीवर तळवा टेकवला. शेडच्या माणसाला वाऱ्याइतकीच ओलही कळते. एका ओलसर रात्रीने साऱ्या मालाला बुरशी धरू शकते. भिंत गार होती आणि तळव्याला किंचित चिकटली. त्या दिवसांत या शहरावर समुद्रावरून धुके चढते आणि तासन्‌तास घरांत शिरून बसते, हे मी आदल्याच दिवशी पाहिले होते. मी म्हणालो, ‘ओल आहे.’ मालक म्हणाला, ताजा रंग आहे. आम्ही कपाट हातभर सरकवले. मागे भिंतीला काळे ठिपके धरले होते.

बायको वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, ‘व्हय. ह्ये मातर तुमचं खरं.’ लग्नाला एवढी वर्षे झाली. इतके निखळ प्रमाणपत्र मला क्वचितच मिळाले असेल.

तिसरे घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत, टेकडीच्या आडोशाला होते. तिथून समुद्र दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. माझ्या मनात त्याची जरा हळहळ होती, ती मी मनातच ठेवली. वरच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्याच राहत. सत्तरीच्या, ठेंगण्या, काटक. तळमजल्यावर दोन खोल्या, अंगणात डाळिंबाचे झाड. बायकोने न्हाणीघरात बसून पाहिले; बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला पाय पसरता येतात का, एवढेच तिला पाहायचे होते. येत होते. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीत येते ते तिने हातवाऱ्यांनी विचारले आणि मालकीणबाईंनी हातवाऱ्यांनीच सांगितले. मी भिंतींवरून हात फिरवला. खडखडीत कोरड्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि प्रथमच आमच्यात वाद उरला नाही.

मग मालकीणबाईंनी विचारले, राहणार कोण कोण? जावयाने सरळ सांगितले: हे दोघे, आणि बाळंतपणानंतर यांची लेक, सव्वा महिना. बाईंचा चेहरा एकदम मिटला. त्या भराभर काही बोलल्या. जावई मूळचा पाटणचा. चिनी तो उत्तम बोलतो, पण घाईत त्याचे मराठी पाटणचेच होते. त्यामुळे त्या चिनी आजीबाई मला अगदी कोयनेकाठच्या वाटू लागल्या.

‘त्या म्हणत्यात, बाळातीण म्हैनाभर घराभायेर जात न्हाई, ते आमच्यातबी हाय. वारं न्हाई, गार पाणी न्हाई. पर ते समदं नवऱ्याच्या घरी. लगीन झालेल्या लेकीनं म्हायेरी बाळातपण काढायचं न्हाई. तिच्या भावांचं नशीब सरतं म्हणं. आन् आय-बापानं घर घेतलंय म्हंजे ते म्हायेरच झालं.’

ज्या एका गोष्टीसाठी आम्ही समुद्र ओलांडून आलो, तीच इथे अशुभ होती. बायको न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिच्या मागच्या खोलीत मनाने तिचा पाळणा बांधूनही झाला होता, हे मला दिसत होते.

जावई माझ्या कानाशी आला. ‘अण्णा, आता दुसरीकडं म्हायेर म्हणून सांगायचंच कशाला? हितंबी सांगू या, इचार बदलला. मागनं पावणी म्हणून आली म्हणू. कळलं तरी काय भायेर काढतीय का आजी?’

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. लेकीसाठीच तो बोलत होता. आणि मीही क्षणभर तयार झालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्यासारख्या मृदू बोलणाऱ्या माणसांना गप्प राहून काम उरकण्याची कला चांगली साधलेली असते. पण बाळाचा आवाज आला की खिडक्या लावणारी, जिन्यावर पाऊल वाजले की दचकणारी माझी लेक मला दिसली. माहेर म्हणजे लेकीला जिथे चोरून राहावे लागत नाही असे घर. ते इथे चोरीनेच उभे करायचे, तर मग तिचा फ्लॅट काय वाईट होता?

मी म्हणालो, ‘नको. त्यांना सगळं सांगा. आमच्यात कसं असतं, आणि आम्ही का आलो, तेही. नाही म्हणाल्या तर पुढचं घर बघू.’

जावयाने बराच वेळ सांगितले. मालकीणबाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. मध्ये त्यांनी काहीतरी विचारले आणि जावई अडखळला.

‘काय म्हणतात?’

‘इच्यारत्यात...’ तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘तुमाला मुलगं किती?’

हा प्रश्न मला नवा नव्हता. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बागेच्या बांधावर तो मला अनेकांनी विचारला आहे, आणि उत्तरानंतर प्रत्येक वेळी जीभ टाळ्याला लागल्याचा तो बारीक आवाज ऐकू आला आहे. सवयीने माझा आवाज उतरला. ‘मुलगा नाही. ही एकच लेक.’ आवाज उतरवायला मला त्या परक्या देशात कोणी सांगितले होते?

जावयाने ते चिनीत सांगितले. मालकीणबाईंनी मांडीवर थाप मारली आणि त्या खळाळून हसल्या.

‘काय झालं?’ बायकोने घाबरून विचारले.

जावयाचा चेहराही उजळला होता. ‘त्या म्हणत्यात, मग बाबांनो, भाऊच न्हाई तर नशीब सरायचं कुणाचं? घरातलं समदं नशीब तिचंच. तिनं न्यावं न्हाईतर ठेवावं!’

बायको उंबरा ओलांडून पुढे आली. माझ्या लाजऱ्या उत्तराची तिने दुरुस्ती केली. एक बोट ताठ वर करून ती मालकीणबाईंना मराठीतच म्हणाली, ‘एकच हाय! एकच!’ त्यांनीही एक बोट वर करून मान डोलावली. इतकी वर्षे जी गोष्ट आम्ही पंगतीत खाली मानेने सांगत आलो, तिनेच आम्हाला ते दार उघडून दिले.

पण परक्या लेकीचे बाळंतपण त्यांच्या छपराखाली झाले तर त्यांच्या स्वतःच्या घराचे, मुलांच्या नशिबाचे काय, हे विचारायला मी जावयाला भाग पाडले. त्यावर बाई म्हणाल्या, त्यांना दोन मुलगे आहेत, दोघे दूरच्या शहरांत, वर्षातून एकदा नववर्षाला येतात. त्यांच्या नशिबाचे त्यांनी बघावे. दाराला लाल कापड बांधले की घर राखले जाते, ते त्या बांधतील.

जूनमध्ये लेकीला मुलगी झाली. इस्पितळातून गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा धुके विरले होते. दाराला लाल कापड होते. बायकोने बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. मालकीणबाई शेजारी उभ्या राहून एखादे शास्त्र तपासावे तशा ते सारे पाहत होत्या. लेकीने उंबऱ्यावर पाऊल ठेवले आणि तिथेच थबकली. घर तिने फक्त फोनवर पाहिले होते. दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवली, नाकाने शेपेचा, डिंकाचा वास घेतला. काही भावपूर्ण बोलेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘आई, भूक लागलीय.’ आणि सरळ आत गेली.

त्यानंतरचे दिवस दोन म्हाताऱ्यांच्या भांडणाचे होते. बायकोला बाळाला तेल लावून सकाळचे ऊन द्यायचे असे. मालकीणबाईंना खिडकीची फटही खपत नसे. एक उघडी, दुसरी लावी, दोघी आपापल्या भाषेत एकमेकींना सुनावत. अखेर बंद काचेतून येणाऱ्या उन्हावर तह झाला. एके सकाळी मालकीणबाई लाल साखर घातलेली पिवळ्या दाण्यांची पेज घेऊन आल्या. बायकोने बोटाने दाणा चेपून पाहिला आणि ओरडली, ‘आवं, हा तर राळा! गूळ घालून आपली राळ्याची खीरच की ही!’ त्या दिवसापासून त्या खोलीत आम्हा दोन पुरुषांखेरीज परके असे कोणी उरले नाही.

लेक उशिरापर्यंत झोपायची. उठल्यावर अंथरुणातूनच चहा मागायची. आईने एखाद्या गोष्टीला नको म्हटले की फुरंगटून भिंतीकडे तोंड करायची. तिच्या फ्लॅटमध्ये आम्ही सुरुवातीचे दिवस काढले, तेव्हा ती आम्हाला ‘बसा, घ्या, लाजू नका’ म्हणत होती. इथे तिने आम्हाला एकदाही ‘बसा’ म्हटले नाही.

जावई रोज संध्याकाळी कारखान्यातून परस्पर येई, दारावर टकटक करून थांबे. स्वतःच्याच शहरात तो पाहुणा झाला होता. एकदा त्याने धीर करून विचारले, ‘आई, मग कवा धाडताय हिला?’

‘सव्वा म्हैना झाल्याबिगर नाव काढू नका, जावईबापू.’

त्याने आशेने लेकीकडे पाहिले. दुलईतून उत्तर आले, ‘मी नाही येणार एवढ्यात. तू जेवून जा.’

जेवून तो निघाला. अंगणात मालकीणबाई डाळिंबाला पाणी घालत होत्या. त्यांनी त्याला अडवले, त्याच्या हातांकडे बोट दाखवून काहीतरी सुनावले. तो कानकोंडा होऊन हसला.

‘काय म्हणाल्या वो आजी?’ बायकोने खिडकीच्या काचेआडून ओरडून विचारले.

‘म्हणत्यात, सासुरवाडीला रोज मोकळ्या हातानं येतोस, लाज न्हाई वाटत?’

बायको एवढ्या मोठ्याने हसली की बाळ जागे झाले.