एक मण साडेनऊ शेर

शकू गेल्याचा फोन ठाण्याहून, तिच्या मुलीचा, सकाळी पावणेसातला आला. मी चहा गाळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. कप भरून चहा ओट्यावर पसरला तेव्हा भानावर आले. त्याला आता सहा आठवडे होतील. त्याआधी दहा दिवस मी तिला भेटून आले होते. अंथरुणाला खिळली होती, पण जीभ शाबूत. तिची सेवा करायला ठेवलेली मुलगी चादर बदलत होती आणि शकू पडल्या पडल्या तिला शिकवत होती, "कोपरा असा नाही गं, तिरका दुमडून आत खोच. पेशंटच्या पाठीला सुरकुती टोचता कामा नये." पेशंट आपणच आहोत, याचा तिला विसर पडला होता की काय कोण जाणे. त्याच मुलीनं सकाळचं वजन सांगितलं, एक्केचाळीस किलो. शकूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कुमे, पौंडात?" मी गणिताची मास्तरीण, डोंबिवलीच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरांकडून त्रैराशिकं घोटून घेतलेली. "नव्वद," मी तोंडी सांगितलं. "म्हणजे नापास!" ती म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. खोलीतल्या बाकी कोणाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. समजायला बावन्न सालच्या डोंबिवलीत जावं लागेल.

तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आसपासची थोडी घरं, विहिरी, कंदील आणि पुढे शेतंच शेतं. शकूचं आणि आमचं घर एका भिंतीचं. आम्ही दोघी मॅट्रिक झालो होतो. मला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. शकूला नर्स व्हायचं होतं, आणि त्याला तिच्या घरात हरकत नसलेलं माणूस शोधावं लागलं असतं. झालं होतं असं, की आदल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ विषमज्वरानं तीन आठवडे इस्पितळात होता. शकू रोज त्याच्या उशाशी बसून तिथल्या नर्सेसची लगबग बघायची. भाऊ ठणठणीत बरा होऊन घरी आला, शकू मात्र कायमची बिघडली.

घरात शब्द चालायचा तो तिच्या काकांचा, आप्पांचा. वडील, अण्णा, कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. दिवसभर वजनं करून आणि लेबलं लिहून घरी यायचे आणि थोरल्या भावापुढे मान खाली घालून जेवायचे. "लोकांच्या पोरी घाण काढतात म्हणून आपली पण काढणार?" आप्पांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. त्यांनी भुसावळकडचं एक स्थळ आणलं होतं, बिजवर, दोन मुलांचा बाप. शकूनं दोन दिवस अन्न सोडलं तेव्हा कुठे आप्पा थोडे नमले. "ठीक आहे. कार्तिकापर्यंत मुदत. नाव लागलं तर लागलं, नाहीतर मार्गशीर्षात मुकाट बोहल्यावर उभं राहायचं." शकूनं ते मान्य केलं आणि त्याच संध्याकाळी विहिरीवर माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "कुमे, मला पास व्हायचंय. बाकी मला काही माहीत नाही."

मुंबईच्या एका इस्पितळाच्या नर्सिंग शाळेचा फॉर्म आला. इंग्रजीचा पेपर, गणिताचा पेपर, मुलाखत... आणि तळाशी एक ओळ, उमेदवाराचं वजन शंभर पौंडांपेक्षा कमी नसावं. आम्ही दोघींनी आधी फॉर्मकडे आणि मग शकूच्या मनगटांकडे पाहिलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवली तर झाडाला कळलं नसतं, अशी ती काटकुळी.

वजन करायचं कुठे? पुढच्या रविवारी अण्णांची ड्यूटी होती. त्यांचा डबा घेऊन आम्ही कल्याणला गेलो आणि शकूनं त्यांना सगळं सांगितलं. भोवती कोणी नाही असं बघून अण्णांनी आंब्याच्या करंड्या आणि चटयांच्या वळकट्या जिथे तोलायचे त्या काट्याकडे बोट केलं. शकू चपला काढून, देवळात शिरावं तशी त्यावर चढली. अण्णांनी चष्मा पुसला. "एक मण पाच शेर," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "कुमुद, तुझं गणित चांगलं. पौंडात किती होतात? आमचा सगळा कारभार मण-शेरांचा." मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "मणाचे चाळीस शेर, शेराचे दोन पौंड. नव्वद झाले." आमच्या घरी, बाजारात, सगळीकडे शेराचे दोन पौंडच धरत. म्हणजे शंभर पौंडांना पन्नास शेर, एक मण दहा शेर हवे. पाच शेर कमी होते. अण्णांनी एक कोरं लेबल घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तारीख टाकून वजन लिहिलं आणि ते खिशात ठेवलं. मुलीच्या बाजूनं ते घरात एक शब्द बोलले नव्हते... ते लेबल हाच त्यांचा शब्द होता, हे मला फार पुढे कळलं.

मग सुरू झाली आमची तयारी, आणि काय धमाल दिवस होते ते! अण्णांच्या जुन्या धोतरांच्या पट्ट्या फाडून आम्ही बँडेजं केली. पेशंट अर्थात मी, कारण माझ्या दंडाला गुंडाळायला काहीतरी होतं. खाट दोन्ही घरांत नव्हती, म्हणून जमिनीवरच्या गादीवर मला निजवून, मला न उठवता माझ्याखालची चादर बदलायचा सराव चाले. शकू मला अशी लोळवायची की एकदा मी थेट धान्याच्या कोठीवर जाऊन आपटले. "पेशंट पडला तर मार्क जातात हं!" मी कळवळून ओरडले, तर ती म्हणाली, "पेशंट जाड असला तर माफ असतं." दुपारी मी इंग्रजी वर्तमानपत्रातलं डिक्टेशन घालायची, संध्याकाळी अपूर्णांक. नाडी मोजायला सेकंद काटा असलेलं घड्याळ हवं, आणि ते होतं फक्त आप्पांकडे. तेव्हा आप्पा दुपारचे घोरायला लागले की शकू त्यांच्या उशाशी बसून एका हातानं त्यांचं मनगट धरी आणि दुसऱ्या हातात त्यांचंच घड्याळ. मी दारात पहाऱ्याला. एके दिवशी घोरणं थांबलेलं आमच्या लक्षात आलं नाही. डोळे न उघडता आप्पा म्हणाले, "किती?"

शकू कसंबसं म्हणाली, "बहात्तर."

"चांगले की वाईट?"

"चांगले."

"मग झोपू दे." आणि ते कुशीवर वळले. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही. आम्ही बाहेर येऊन पदर तोंडात कोंबून हसलो.

खायला घालणं ही माझ्या आईची आणि शकूच्या आईची, माईंची, चढाओढ होती. केळी, बटाटे, रेशनच्या तांदळाची पेज, साय. ठाकुर्लीच्या पलीकडच्या गावातून भाजी घेऊन येणारी बारकीबाय ही सगळी धडपड ओट्यावर टेकून बघायची. एकदा तिनं आम्हांला विहिरीमागे बोलावलं आणि पाटीतल्या माठाच्या भाजीखालून चार उकडलेली अंडी काढली. "खा बाय, गुमान खा. निसत्या वरनभातानं कवा आंग भरतं का? मना त्या पौंडातलं काय कलत नाय, पन पोरीच्या आंगाव मास नाय, ह्ये दिसतंय ना मना." आमच्या घरात अंड्याचं नाव काढणंही पाप. शकूनं नाक दाबून एक गिळलं, मग दुसरं नाक न दाबता खाल्लं, आणि तिसऱ्याला म्हणाली, "मीठ आहे का गं?" त्यानंतर दर गुरुवारी बारकीबाय माठाची भाजी जरा जास्तच आणू लागली.

पण रविवारचा काटा काही हलायचा नाही. अर्धा शेर वर, पाव शेर खाली. मी चक्रावून गेले. शेवटी उलगडा झाला तो माईंमुळे. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी महादेवाला नवस बोलला होता, मुलीचं नाव लागू दे, ती सोळा सोमवार करील. तेव्हापासून दर सोमवारी शकू दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी पूजेनंतर चिमूटभर चुरमा. सहा दिवस आम्ही चढवायचं आणि सातव्या दिवशी देवासाठी उतरवायचं! वजन वाढावं म्हणून उपास करणारी माणसं आमच्या आळीशिवाय जगात दुसरीकडे नसतील. मी माईंशी हुज्जत घातली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ते गणित तुम्ही बघा, माझं मी बघते."

आणि बोलावणं आलं ते नेमकं सोळाव्या सोमवारचं. सकाळी दोन्ही पेपर, दुपारी वजन आणि मुलाखत. आदल्या दिवशी अण्णांच्या काट्यावर भरपेट जेवून वजन झालं एक मण साडेनऊ शेर. माझ्या हिशेबानं नव्व्याण्णव पौंड. एकच पौंड कमी, आणि दुसऱ्या दिवशी पोटात कण नाही. मी शकूच्या हातापाया पडले. "गाडीतून उतरल्यावर चार केळी खा. माईंना कोण सांगतंय?" शकूचे डोळे भरून आले होते. "कुमे, अंडी मी आईच्या चोरून खाल्ली. हे नाही मोडवत मला... ती पण माझ्याबरोबर सोळा सोमवार उपाशी आहे गं." मार्गशीर्ष आठ दिवसांवर होता. त्या रात्री मला भुसावळचा तो बिजवर स्वप्नात दिसला.

अण्णांनी रजा काढली होती. आम्ही तिघं गेलो. शकू आत गेली आणि अण्णा आणि मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. दुसरा पेपर सुटला आणि पहिल्यांदा बाहेर पडली ती शकूच, धावत, केस सुटलेले, चेहरा लालेलाल. "गाढवे!" ती लांबूनच ओरडली. "अगं गाढवे, शेराचे दोन पौंड नसतात!" गणिताच्या पेपरात इस्पितळाला लागणाऱ्या तांदळाचं उदाहरण होतं आणि वर कोष्टक छापलं होतं, एक मण म्हणजे ब्याऐंशी पूर्णांक दोन सप्तमांश पौंड. म्हणजे ऐंशी नव्हेत! शकूनं तांदूळ बाजूला ठेवून आधी टीपकागदावर स्वतःला सोडवलं, उत्तर शंभराच्या वर आलं, आणि ती पेपरात मोठ्यानं हसली म्हणून पहारेकरी बाईंची बोलणी खाल्ली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग, मी त्यांना आयुष्यात एकदाच तसं पाहिलं, रुमालात तोंड लपवून गदगदा हसले.

दुपारी उपाशीपोटीसुद्धा इस्पितळाचा काटा शंभराला टेकून किंचित पुढे गेला. मुलाखतीसाठी आम्ही पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणायची वेळ मेट्रनबाईंनी येऊच दिली नाही. त्यांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय? जेवली नाहीस?" शकू म्हणाली, उपास आहे. "इथे ड्यूटीवर उपास चालायचे नाहीत." त्यावर शकू म्हणाली, "बाई, हा सोळावा. आज रात्रीपासून मी मोकळी आहे."

पत्र आलं ते आप्पांच्या हाती पडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, खिशातून घड्याळ काढून शकूपुढे ठेवलं आणि मनगट पुढे केलं. "बघ. आज किती?" शकूनं मोजले. "शहाण्णव, आप्पा. आज जास्त आहेत." "असणारच," आप्पा म्हणाले आणि घड्याळ तिच्यापुढेच ठेवून परसात गेले. भुसावळला काय कळवलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माई म्हणाल्या महादेव पावला, बारकीबाय म्हणाली अंडी पावली.

पुढे शकू नर्स झाली, सिस्टर झाली, ठाण्यात तिनं किती जणांच्या पाठीखालच्या सुरकुत्या काढल्या ते तिलाच माहीत. भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "काय मास्तरीणबाई, शेराचे पौंड किती?" माझ्या लग्नात विचारलं, मी मुख्याध्यापिका झाले त्या सत्कारात पहिल्या रांगेत बसून बोटांनी दोन दाखवून विचारलं. मी दर वेळी चिडायची. आता कोण विचारणार...

गेल्या आठवड्यात तिची मुलगी एक पत्र्याचा डबा देऊन गेली. आईनं तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं, म्हणाली. आत सेकंद काटा असलेलं आप्पांचं घड्याळ, आणि त्याच्याखाली ते लेबल. शकू शिकायला निघाली तेव्हा अण्णांनी ते तिच्या ट्रंकेच्या कडीला स्वतः बांधलं होतं. सोळा रविवारांची वजनं एकाखाली एक, प्रत्येकापुढे माझ्या हिशेबाचे पौंड, सगळे चुकलेले. अण्णांना नंतर खरं कळलं होतं, पण त्यांनी एकही आकडा खोडला नव्हता. सगळ्यात शेवटी, एक मण साडेनऊ शेर, नव्व्याण्णव पौंड. आणि त्याच्याखाली पार्सल ऑफिसच्या भाषेत, माल सुस्थितीत रवाना.

मी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि आकडेमोड दोनदा तपासून त्या नव्व्याण्णवच्या शेजारी बरोबर उत्तर लिहिलं. एकशे एक पौंड, तेरा औंस. पास झालीस गं शकू... आधीपासूनच पास होतीस.