पहिलं सूप

नव्या ज्वारीचा वास आला की नंदुरबारकडचं आमचं शेणानं सारवलेलं खळं आठवतं. उफणलेल्या धान्याचं पहिलं सूप, खळ्यावर जो आधी येईल त्याला देव समजून द्यायचं, ही आमची रीत. देशाच्या सीमेवर लढाई पेटली त्या साली दाणे जेमतेम उतरले होते, आणि हरवलेली शेळी शोधत आधी आला तो आमचा बांध कोरणारा शेजारी. वडिलांनी सूप मागे ओढलं. केसांत भुसा भरलेल्या आईनं ते हिसकून घेतलं. म्हणाली, “देव काय आपले इचारीसन येस का?” शेजाऱ्यानं वहाणा बाहेर काढल्या आणि मान खाली घालून उपरणं पसरलं. आजही नावडता माणूस दारात उभा राहिला, की माझ्या आतले वडील सूप मागे ओढतात. मी ते दर वेळी हिसकून घेते.