दुपारचे ट्रेलर

माझे थोरले दीर जहाजावर होते. एका सुट्टीत त्यांनी टीव्ही आणि व्हिडिओ आणला आणि परत जाताना दोन्ही आमच्याकडे ठेवून गेले. तेव्हापासून डिचोलीत आमच्या घराला लोक व्हिडिओवाल्यांचं घर म्हणायला लागले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा खाणीच्या कचेरीत कारकून होता. संध्याकाळी शिफ्ट सुटली की तो आमच्या सालीत, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, पिक्चर लावायचा. खाणीवरचे ड्रायव्हर आणि फिटर लाल धुळीचे पाय अंगणातल्या नळावर धुऊन आत येऊन बसायचे. मी आतून चहा द्यायची. पडद्याकडे पाहायला मला क्वचितच सवड मिळायची.

घराच्या मागे खाणकामगारांची चाळ होती. कोल्हापूर, निपाणी, सावंतवाडी, कुडाळ अशा सगळीकडच्या बायका तिथे होत्या. नवरे घरी जाऊन पिक्चरच्या गोष्टी सांगत आणि बायका ऐकत. एकदा कोल्हापूरकडची एक बाई आमच्या विहिरीवर पाण्याला आली होती. कळशी कठड्यावर ठेवून ती म्हणाली, “वैनी, त्ये मिशीन आमाला बी दावा की एकडाव.”

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दुपारी मशीन रिकामंच असतं, लाव. अशा रीतीने दुपारी, जेवणं आवरल्यावर आणि चाळीच्या नळाला पाणी येण्याआधी, बायकांचा खेळ सुरू झाला. सुरुवातीला देवादिकांचे आणि सासू-सुनांचे पिक्चर लावले. बायका यायच्या, रडायच्या, डोळे पुसून जायच्या.

नवरा शुक्रवारी बाजाराला म्हापशाला जायचा आणि येताना तिथल्या एका दुकानातून भाड्याने कॅसेटी आणायचा. दुकानदाराने एकदा त्याला एक जादा कॅसेट दिली. तिच्यात नुसते ट्रेलर होते, एकामागून एक भरलेले. ते पाहून गिऱ्हाइकाने पुढचा पिक्चर ठरवावा एवढाच तिचा उपयोग. नवऱ्याने ती कपाटावर टाकली. एका दुपारी देवाचा पिक्चर मधेच अडकला, तेव्हा मी सहज ती लावली.

सगळे ट्रेलर सवंग पिक्चरांचे होते. डोंगरावरचा बंगला आणि विहिरीतून वर येणारा हात. घोड्यावर बसलेली, छातीवर काडतुसांचा पट्टा बांधलेली बाई. नागीण. वेलीला लोंबकळत नदी ओलांडणारी जंगलातली पोरगी, तिच्या अंगावर कपडे बेताचेच. आणि या सगळ्यांवर एका पुरुषाचा जाडाभरडा आवाज, की असं तुम्ही आजवर पाहिलेलं नाही आणि काळीज घट्ट असेल तरच या. बायकांनी पदर तोंडावर घेतले, पण डोळे उघडे ठेवले. संपल्यावर निपाणीकडची एक बाई म्हणाली, “परत लावा.”

असे पिक्चर त्यांना कुणी बघू दिले नसते. नवऱ्यांच्या मते भुताचा पिक्चर बायकांसाठी नव्हता आणि डाकूंचा तर नव्हताच. पण ट्रेलर म्हणजे काही पिक्चर नव्हे, त्यामुळे मनाई लागू होत नव्हती. एकीने नवऱ्याला खरंच सांगितलं होतं की दुपारी व्हिडिओवाल्यांकडे ट्रेलर बघते. तो अवजड गाडीवर ड्रायव्हर होता. त्याला वाटलं, आमच्या अंगणात कुणीतरी मोठ्या गाडीचा ट्रेलर आणून उभा केलाय. रविवारी तो मुद्दाम गाडी बघायला म्हणून घराला फेरी मारून गेला.

ट्रेलर आवडायला आणखी एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. घोड्यावरच्या बाईचा पिक्चर मी मुद्दाम अख्खा मागवला. बायका वेळेआधी येऊन बसल्या. पहिला अर्धा तास तिच्यावर अत्याचारच चालले होते. नंतर थोडा वेळ घोडा आणि बंदूक. शेवटी तिला गोळी लागली आणि ती एका इन्स्पेक्टरच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. मरताना पुढच्या जन्मी संसार कर म्हणून त्याने तिला सांगितलं आणि तिने मान हलवली.

कुणी रडलं नाही. कोल्हापूरची उठता उठता म्हणाली, “ट्रेलरातच बरी हुती की गं ती. तितं मरत न्हवती.”

त्यानंतर अख्खा पिक्चर कुणी मागितला नाही. बायका एकेका ट्रेलरचं पुढचं आपल्या मनाने रचायच्या. जंगलातली पोरगी शहरात जाऊन काय करील, नागिणीने सूड कुणावर घ्यावा, यावर वाद व्हायचे. नळाला पाणी आलं की वाद तिथेच टाकून पळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

ती राजभाषेच्या वादाची वर्षं होती. नवरा मराठीच्या बाजूचा, माझ्या माहेरी सगळे कोकणीच्या. सणाला एकत्र जेवायला बसलो की आम्ही आंब्यांविषयी बोलायचो. एकदा बंद आणि रस्ता रोको लागोपाठ झाले, बसगाड्या थांबल्या, म्हापशाहून कॅसेटी येईनात. मग दुपारी ती एकच कॅसेट रोज फिरत राहिली. पावसाळ्याची दमट हवा होती. एके दिवशी मशीनने पट्टी आत ओढली. मी ती हळूहळू सोडवून सरळ केली, पण तिची कड चुरगळली होती. परत लावली तर चित्र ठीक दिसत होतं, आवाज मात्र गेला होता. टीव्हीतून नुसती खरखर येत होती.

बायका हिरमुसल्या. पडद्यावर मिशीवाला डाकू एका म्हाताऱ्या ठाकुरावर बंदूक रोखून ओठ हलवत होता. मी उठून मशीन बंद करणार, इतक्यात मागून खणखणीत आवाज आला.

“थांब, अधमा! या पर्वताला मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारीत आलो, माझा वैरी कुठे आहे? आज पर्वताने उत्तर दिले!”

सगळ्या वळल्या. दाराजवळ एक बाई बसायची, पेडणे तालुक्यातल्या कोरगावची. तिचा नवरा सावंतवाडीकडचा, टिप्परवर ड्रायव्हर. तिला सगळ्या कोरगावची म्हणूनच ओळखत. ती अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत बसायची, बोलायची जवळजवळ नाहीच. आताही तिचे हात फुलांतच होते. पडद्यावर डाकूचा साथीदार पुढे आला. तिने लगेच आवाज बदलला आणि गावच्या बोलीत म्हणाली, “उत्तर दिल्यान खरा, पण माका कायच आयकाक येवक नाय!”

हसून हसून निपाणीची आडवी झाली. कोरगावचीने उरलेले सगळे ट्रेलर तसेच बोलून काढले. तिचे डाकू आणि ठाकूर पुराणातल्या राजांसारखी भारदस्त मराठी बोलायचे, नोकर-चाकर आणि भुतं मालवणी-कोकणी. नागिणीला तिने दोन्ही भाषा दिल्या, माणूस असताना मराठी आणि नाग झाल्यावर कोकणी. रात्री मी हे सांगितल्यावर नवऱ्याने विचारलं, “म्हणजे ती नेमकी कुठल्या बाजूची?”

मी तिला विचारलं, “हे कुठे शिकलीस?”

“बापायकडे,” ती म्हणाली. तिचे वडील दशावतारी. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की ते कंपनीबरोबर गावोगाव फिरायचे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते आणि संवाद नट उभ्या उभ्या आपले आपण रचतो. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात, आणि तिचे वडील त्या भागात स्त्रीपार्ट करणारे नावाजलेले नट होते. तिच्या दोघा भावांपैकी कुणी रंगमंचाकडे फिरकला नाही. हिला कुणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आता बायका आवाजवाल्या कॅसेटी नको म्हणायला लागल्या. नवऱ्याने ट्रेलरची दुसरी कॅसेट आणली, तर कोल्हापूरचीने स्वतः उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. चाळीत बोलबाला झाला. पुरुषांनीही ऐकायचं म्हटलं, कोरगावचीने साफ नकार दिला. तिच्या नवऱ्याला हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. बायको दुपारी डाकू होते असं ड्रायव्हर लोक त्याला चिडवायचे. तो घरी गप्प राहायचा, तीही गप्प राहायची, आणि दुपारी ती येऊन पुन्हा बोलायची.

पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. ट्रेलर चालू होते आणि कोरगावची डाकूच्या पार्टात होती. माझी नजर जनेलाकडे गेली. खिडकीबाहेर बालकांवात, पुढच्या ओसरीवर, एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, काखेत छत्री, पिकलेल्या केसांचा मागे लहानसा अंबाडा. अंबाड्यावरून मी ओळखलं. स्त्रीपार्टी नट केस वाढवतात. लेकीच्या खोलीला कुलूप दिसलं म्हणून शेजारणीने त्यांना इकडे पाठवलं होतं. मी उठायला लागले, तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

डाकूचा ट्रेलर संपला आणि बंगल्याचा सुरू झाला. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरत होती. खाली हीरो हातात कंदील घेऊन उभा होता. कोरगावची तोंड उघडणार, एवढ्यात जनेलातून एका तरुण बाईचा गोड, दुखावलेला आवाज आला.

“आलात, नाथ? या दाराकडे पाहता पाहता माझे डोळे झिजले, आणि आपण कंदील घेऊन मलाच शोधता?”

खोलीत एकच किंकाळी उठली. कोल्हापूरची माझ्या अंगावर येऊन पडली. निपाणीची देवाचं नाव घेत भिंतीला चिकटली. कोरगावची तेवढी जागची हलली नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हातातला वळेसर खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि पुरुषी आवाजात म्हणाली, “देवी, कंदील आपल्यासाठी नाही. मी वाट चुकलेला मुसाफिर. पण आपल्या पायांना सावली का नाही?”

“सावली मी आपल्यापाशीच ठेवून गेले होते. आपण ती हरवलीत.”

बाप बाई होऊन बोलत होता आणि लेक पुरुष होऊन उत्तर देत होती. पडद्यावरच्या बाईने हीरोचा गळा धरला तरी दोघं थांबली नाहीत. ट्रेलर संपून दुसरा लागला, त्यातली माणसं वेगळी होती, तरी यांचं संभाषण चालूच. मघाशी किंचाळलेल्या बायका आता पदराने डोळे टिपत होत्या. मीही.

ते आत आले. मी घरातली एकुलती कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे केली, पण ते जमिनीवर लेकीसमोर बसले. दाढीच्या पिकलेल्या खुंटांचं तोंड, आणि आवाज आता साध्या म्हाताऱ्याचा, जरा बसलेला. घशाच्या दुखण्याने त्यांनी त्या वर्षी कंपनी सोडली होती, हे नंतर समजलं.

“तुझो राजा बरो आसा,” ते म्हणाले. “पण श्वास चुकता. संतापाच्या आदी घेवचो, मगे न्हय.”

ती खाली पाहत होती.

“कोणी शिकयला तुका?”

“तुमीच.”

“मी कधी शिकयलंय?”

“तुमी पडवेर बसान बोलायचे. मी चुलीकडे होतंय.”

मी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. बशी ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गे बाय, आनीक एकदा लाव.”

लेकीकडे ते आठवडाभर राहिले आणि रोज दुपारी आले. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, म्हणून ते बहुतेक वेळ हातानेच सांगायचे, इथे थांब, इथे चढव. आवाज तिचा होता. तिचा नवरा एकदा ड्यूटी बदलून मधेच आला, दाराबाहेर चप्पल न काढता उभा राहिला आणि ऐकून निघून गेला. त्या दिवसापासून, म्हणे, त्याला कुणी डाकूवरून चिडवलं की तो म्हणायचा, आवाज ऐक तरी एकदा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी चाळीतल्या लोकांनी सत्यनारायणाची पूजा केली आणि पुढे रंगमंच बांधून कार्यक्रम ठेवला. कोल्हापूरच्यांनी लेझीम बसवलं. त्यानंतर दशावतारातला एक प्रवेश होता. कोरगावहून वडील आले होते. आमच्या सालीत लेकीला समोर बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा चेहरा रंगवला, मिशी चिकटवली, डोक्यावर मुकुट बांधला. मी आरसा धरून उभी होते. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, पाय थरथरतत.”

“राजाचे पण थरथरतत,” ते म्हणाले. “पितांबर मोठां आसता ना, दिसना.”

ती रंगमंचावर आली. पुढच्या रांगेतल्या पुरुषांना वाटलं, पेडण्याहून कुणी नट बोलावलाय. पहिल्या संतापाला तिने श्वास आधी घेतला. टाळ्या पडल्या. तिचा नवरा माझ्या नवऱ्याशेजारी बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, “साहेब, ही आमची?”

माझा नवरा म्हणाला, “होय.”

त्यावर तो जो सरळ बसला तो प्रवेश संपेपर्यंत टेकलाच नाही.

पुढे केबल आली आणि आमचा व्हिडिओ माळ्यावर गेला. खाणीची कामं कमी-जास्त होत राहिली, चाळीतली माणसं बदलली. कोरगावची नवऱ्याला घेऊन माहेरच्या गावीच राहायला गेली. तिथे काजूची थोडी बाग होती. वडील त्यानंतर काही वर्षांनी गेले. गावच्या बायका आता देवळासमोर नाटकं करतात आणि त्यांत राजाचा पार्ट तिच्याकडेच असतो. मी एकदा हरमलला भाचीकडे गेले असताना वाट वाकडी करून तिचं नाटक बघून आले. खेळानंतर ती मिशी काढत माझ्याशी बोलत होती. तेवढ्यात तिची सून आली. सून दिसायला नाजूक, आवाज मात्र दणदणीत. तिला पुढच्या वर्षी राक्षस करायचा होता आणि सासू तिला अजून राणीच देत होती. दोघींचं चांगलंच जुंपलं. मी पाटावर बसून ऐकत राहिले.