दारापर्यंत

आम्ही पाहत होतो त्या नाटकातल्या घरात एक लाजरा भाडेकरू होता. खोली सोडतोय, एवढंच सांगून त्याला निघायचं होतं. पण तो उठला की कोणीतरी त्याच्या हातात पोह्यांची बशी द्यायचं, आणि भरली बशी हातात असताना आपल्याकडे कोणाला निघता येतं? बिचारा सोफ्याच्या कडेवर परत टेकायचा. लोक हसत होते, मीही हसत होतो.

"अगदी तुम्ही. माझ्या माहेरी असेच बसता," बायको कुजबुजली.

माझं हसू थांबलं. मला शिरा आवडत नाही. सासुरवाडीत मात्र शिऱ्याचा भोक्ता अशीच माझी ख्याती आहे. माणूस कोंडायला कुलूप लागत नाही, प्रेमाने आग्रह करणारी चार माणसं पुरतात.

शेवटी तो भाडेकरू चपला घालून दारापर्यंत पोचला. कडीवर हात ठेवून म्हणाला, "मग... जाऊ ना मी?" घरातले गप्पांत रंगलेले.

"अरे, जा की," मी बोलून गेलो, चांगलं मोठ्याने. पुढच्या रांगेने वळून पाहिलं. मी खुर्चीत दडलो.

तेवढ्यात रंगमंचावर आतून आवाज आला, "अहो, तुमचा चहा टाकलाय."

त्याने कडीवरचा हात काढला, चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवल्या.